बंद घरातली जुनी वायरवाली अलार्म सिस्टीम कमी खर्चात पुन्हा चालू होईल का?

परसदार
नमस्कार मंडळी. गुहागरपासून थोडं आत आमचं घर आहे. जांभ्याच्या भिंती, मंगलोरी कौलं, पुढे पडवी, मागे आगर. बाबा २०१९ ला गेले, आई आता आमच्याकडे ठाण्याला असते. त्यामुळे गणपती, शिमगा आणि मे महिना सोडला तर घर बंद.

बाबांनी मे २०१२ मध्ये वायरवाली अलार्म सिस्टीम बसवून घेतली होती. त्याच मार्चमध्ये दिवेआगरचा सुवर्णगणेश चोरीला गेला, दोन पहारेकऱ्यांचा जीव गेला, आणि त्या उन्हाळ्यात आमच्याकडे सगळ्यांच्या तोंडी तोच विषय होता. जिन्याखाली पांढरी पत्र्याची पेटी (तिच्यात पॅनेल, म्हणजे सिस्टीमचा मेंदू, आणि बॅटरी), भिंतीवर कीपॅड, चार दारांना मॅग्नेट, माजघरात आणि माळ्यावर एकेक हालचाल ओळखणारा सेन्सर, पडवीच्या आढ्याला भोंगा. बाबा होते तोवर सगळं ठणठणीत. नंतर बिघडलं. २०२१ ला मी नवी बॅटरी घातली, ती चार महिन्यांत मेली. तेव्हाचा मेकॅनिक म्हणाला, "पॅनेल बॅटरी खातंय." आता दुसऱ्या एकाने वायरलेस नवा सेट २८ हजार सांगितलाय, वर "ह्या वायरी उपटून टाकू" म्हणाला.

पाच हजारांच्या आत जुनंच चालू होईल का? मी कॉमर्सची, पण मल्टिमीटर धरता येतो.

झावळी
कुत्रा पाळा.

परसदार
@झावळी, बंद घरात? जेवायला तुम्ही घालणार का?

झावळी
मासे असतील तर मीच येऊन राहतो. भुंकेन पण.

तारतंत्री
साहेब, वायरी उपटू देऊ नका. पहिलं सांगणं हेच. सेट विकणाऱ्याला त्या अडगळ वाटतात, पण असल्या कामात सगळ्यात जास्त मजुरी वायर ओढण्याची असते आणि ती तुमच्या वडिलांनी देऊन ठेवलीय. वायरलेसला प्रत्येक सेन्सरात सेल, आणि बंद घरातले सेल बदलायला तुम्ही ठाण्याहून येणार का?

पेटी उघडण्याआधी तिचा २३० व्होल्टचा पुरवठा बंद करा. आत ट्रान्सफॉर्मर असतो, त्याच्या टोकांना बोट लागलं तर हा धागा इथेच संपेल. मग बॅटरीची एक वायर काढा. काही भोंग्यांच्या पोटात स्वतःची छोटी बॅटरी असते. तसा असेल तर पुरवठा तुटला की तो बोंबलेल. घाबरू नका, शेजाऱ्यांना आधी सांगून ठेवा.

नंतर प्रत्येक टर्मिनलचा फोटो. एकही वायर सोडवण्याआधी तिला कागदी चिकटपट्टी लावून नंबर घाला. मग एकेका झोनची, म्हणजे एकेका दाराकडून येणाऱ्या वायरींची, जोडी सोडवून मीटर ओहमवर ठेवा, दार बंद आणि दार उघडं अशी दोन्ही रीडिंग लिहा. बॅटरीचे व्होल्टही सांगा. ती १२ व्होल्ट ७ एएचची (अँपिअर-तासांची) असणार. चांगली असेल तर सुटी ठेवून साडेबाराच्या वर दाखवते, साडेदहाच्या खाली राहून गेली असेल तर आशा सोडा.

परसदार
साहेब नाही, बाई आहे. :) पुढच्या शनिवारी जातेय, आकडे आणते.

तारतंत्री
माफ करा ताई.

खालची_आळी
मी उलट सांगतो. एवढं खटाटोप करण्यापेक्षा दोन वायफाय कॅमेरे लावा, मोबाईलवर घर दिसतं. माझ्या अलिबागच्या घरी तेच आहे.

भरतीओहोटी
अलिबागला नेट आहे हो. आमच्याकडे हर्णैच्या अलीकडे पावसात रेंज मिळवायला गडग्यावर चढावं लागतं. आणि ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं त्यानंतर आमच्या वाडीत महिनाभर लाईट नव्हती, तेव्हा कॅमेरे भिंतीवर डोळे मिटून बसले होते. शिवाय कॅमेऱ्यात दिसून काय करणार? तुम्ही मुंबईत बसून चोराला 'चपला बाहेर काढ' म्हणणार? भोंगा निदान वाडी जागी करतो.

खालची_आळी
वाडीत माणसं उरलीत का जागी व्हायला?

भरतीओहोटी
हा मुद्दा मान्य आहे.

कुळीथपिठी
सगळ्यात आधी गाऱ्हाणा घाला.

बा देवा म्हाराजा! ह्या तुझ्या लेकीन बापाशीचो भोंगो परत वाजवूचो म्हणान मनात धरल्यान हा, तो वाजान दी रे म्हाराजा! व्हय म्हाराजा! वायरीर खय उंदरान दात मारलो आसात, डब्यात पालीन अंडी घातली आसात, तर ती इडापिडा वायल्या वाटेन घालव रे म्हाराजा! व्हय म्हाराजा! आणि जो कोण वाकड्या नजरेन घराकडे बघीत, तेका घराची वाट गावची नाय असा कर रे म्हाराजा! व्हय म्हाराजा!!

नारळ राखणदाराक, बॅटरी पॅनेलाक. दोन्ही येळेवर बदला.

परसदार
आईला वाचून दाखवलं. ती म्हणते, हे जास्त स्वस्तात आहे.

परसदार
जाऊन आले. आकडे देते.

बॅटरी ३.१ व्होल्ट, कुशी फुगलेल्या. झोन १ पुढचं दार: बंद असताना ३ ओहम, उघडल्यावर काहीच नाही. झोन २ तसाच. झोन ३ पडवीचं दार: बंद ४ ओहम, उघडं पण ४ ओहम. झोन ४ मागचं दार: बंद असूनही कधी दाखवतं, कधी नाही. माजघराचा सेन्सर मेला, दिवा लागत नाही. माळ्यावरच्याचा दिवा लागतो, पण सेन्सर उघडला तर आत मुंग्यांचं अख्खं गाव.

आणखी एक. पेटीत प्रत्येक झोनच्या वायरीला पॅनेलपाशीच एकेक छोटा रेझिस्टन्स अडकवलाय, हिरवा-निळा-लाल पट्ट्यांचा. तो कशाला?

जिथे वायरी सोलल्या तिथे तांबं चकचकीत नव्हतंच. काही काळं, काही हिरवं, वरच्या आवरणाच्या आतपर्यंत. दोन इंच कापलं तरी हिरवंच. हा समुद्र आमच्यापासून तीन किलोमीटर आहे!

तारतंत्री
शाब्बास ताई. अर्धं काम झालं.

हिरवा-निळा-लाल म्हणजे ५.६ किलोओहम. त्याची जागा वायरीच्या दुसऱ्या टोकाला, सेन्सरच्या डबीत असते. पॅनेल त्या वायरीतून सतत बारीक करंट सोडून मोजत असतं. ५.६ दिसलं की सगळं ठीक. दार उघडलं, वायर तुटली, तर काहीच दिसत नाही, भोंगा. दोन वायरी एकमेकींना चिकटल्या तर रेझिस्टन्स वगळला जातो, शून्य दिसतं, तरी भोंगा. म्हणून तो टोकाला. तुमच्या बसवणाऱ्याने शिडी वाचवली आणि सगळे पेटीतच लावले. आता मधे वायरी चिकटल्या तर पॅनेलला ५.६ दिसतच राहणार. दार सताड उघडं, आणि पॅनेल म्हणतंय 'सब ठीक'.

तुमचा झोन ३ नेमका असा आहे. दोन शक्यता. एक, दाराच्या डबीतला रीड स्विच चिकटलाय. आतल्या काचेच्या नळीत दोन पत्र्या असतात, जवळपास वीज पडून वायरीत झटका आला तर कधी वितळून जुळतात. दोन, वायर मधे कुठेतरी चावली गेलीय. दाराच्या टोकाला वायर सोडवा आणि पेटीपाशी पुन्हा मोजा. अजूनही ४ दाखवलं तर दोष वायरीत.

निवृत्त_मास्तर
मला यातलं इलेक्ट्रॉनिक्स कळत नाही, पण धागा वाचतोय. एकच विचारतो. घर बंद करून निघताना मेन स्विच काढता का?

परसदार
मास्तर, काढतोच. ऑक्टोबरच्या विजा आमच्याकडे कशा पडतात माहितीच आहे. आई तर फ्यूजची किटकॅट काढून देवघरात ठेवते.

निवृत्त_मास्तर
मग तुम्ही एस्टीत बसल्यावर तुमचा अलार्म किती दिवस जागा असतो?

तारतंत्री
मास्तर, साष्टांग.

एवढं लिहून मी हे विचारलंच नव्हतं. हिशेब बघा. पॅनेल ८०, कीपॅड ५०, दोन सेन्सर मिळून ४०, असे धरा १७० मिलिअँपिअर. सात एएचची नवीकोरी बॅटरी ४० तास टिकेल. रविवारी दुपारी कुलूप लावलंत तर मंगळवारी सकाळी अलार्म झोपला. आणि ॲसिडची बॅटरी रिकामी होऊन महिनोन् महिने तशीच पडली की प्लेटांवर सल्फेटचा थर घट्ट बसतो, मग ती चार्ज घेत नाही. पॅनेल बॅटरी खात नव्हतं ताई. किटकॅट खात होती.

परसदार
पाच मिनिटं नुसती बघत बसले.

बाबा तिथेच राहायचे, मेन कधी बंदच नसायचा. पेटीच्या झाकणावर आतून त्यांनी पेन्सिलीने लिहिलंय: "बॅटरी ५/१२, ६/१५, ५/१८." दर तीन वर्षांनी. मला वाटलं होतं त्यांच्या वेळच्या बॅटऱ्याच चांगल्या यायच्या.

कुळीथपिठी
मास्तरांक एक शहाळा माझ्याकडसून.

खालची_आळी
मग मेन चालू ठेवून जायचं? फ्रिज, पंप, सगळं? शॉर्ट झालं तर जांभ्याचं घर उरेल, कौलांखालचे वासे नाही उरणार.

तारतंत्री
सगळं नाही. बोर्डातून अलार्मपुरती वेगळी ६ अँपिअरची एमसीबी (फ्यूजऐवजी असतो तो आपोआप पडणारा स्विच) काढून घ्या, बाकीच्या सगळ्या खाली पाडा. तिच्यावर पेटीशिवाय काही नको. सोबत विजेचा झटका जमिनीत वळवणारा सर्ज अरेस्टर बसवा, पण अर्थिंग तपासून. जांभा उन्हाळ्यात कोरडा ठाक होतो, तिथे अर्थिंग नावापुरतं उरतं, आणि अर्थिंग नसेल तर अरेस्टर शोभेचा. खड्ड्यात मीठ-कोळसा भरून एप्रिल-मेमध्ये पाणी घालत राहावं लागतं. जवळ वीज पडली तर हमी कोणीच देणार नाही. लांब वायरी म्हणजे अँटेनाच. पण पॅनेल जळायची भीती आणि पॅनेल कायम झोपलेलं, यात मी पहिलं घेईन.

भरतीओहोटी
सोलर का नको? माझ्या बागेतल्या शेडवर ४० वॅटचं पॅनेल आहे.

तारतंत्री
हिशेब करून बघा. १७० मिलिअँपिअर चोवीस तास म्हणजे दिवसाला ४ एएच, साधारण ५० वॉट-तास. मार्चमध्ये ४० वॅटचं पॅनेल ते हसत देईल. जुलैत आठ दिवस सूर्य दिसला नाही तर? बॅटरी चौपट मोठी घ्यावी लागेल, नि खर्च पाच हजारांबाहेर. लाईट वरचेवर आठवडाभर जाते तिथे सोलर बरोबर. ताईंकडे तेवढी जात नसेल तर एमसीबी.

परसदार
जाते, पण एका दिवसात येते. एमसीबी ठरलं.

काजूबोंड
मधेच येतो. चोर दारातून येतो हे मुंबईच्या फ्लॅटचं गणित झालं. आमच्या शेजारच्या बंद घरात कौलं काढून उतरले होते. चारी दारांच्या कड्या आतून जशाच्या तशा! एक कौल सरकवलं की हात जातो, तीन काढली की माणूस.

झावळी
आमच्याकडे कौलं माकडं काढतात, फुकटात. त्यांना भोंगा ऐकवला तर दुसऱ्या दिवशी अख्खं खानदान ऐकायला येईल.

तारतंत्री
काजूबोंड बरोबर बोलताहेत. म्हणून माजघराचा सेन्सर आधी दुरुस्त व्हायला हवा. कौलातून उतरा नाही तर मागच्या दारातून या, आमच्या घरांत माजघर ओलांडल्याशिवाय कुठे जाता येत नाही. माळ्यावरच्यावर फार विसंबू नका. कौलं तापून हवा हलते, वाघळं येतात, खोटे अलार्म होतात. त्याला बायपासच ठेवा, म्हणजे पॅनेल त्याच्याकडे लक्ष देणार नाही.

मागच्या दाराचं, झोन ४ चं, मला वाटतं लाकूड आहे. पावसात दार फुगलं की चौकटीत पूर्ण बसत नाही, मॅग्नेट आणि स्विचमधलं अंतर वाढतं. बोटभर झालं की खेळ संपला. मॅग्नेटखाली पातळ फळी घालून पुढे आणा, वायर बदलायची गरज नाही.

परसदार
हो! गणपतीत ते दार खांद्याने ढकलून लावावं लागत होतं. आता बसतंय.

भरतीओहोटी
जुन्या पेट्यांना लँडलाइनवरून फोन करणारा डायलर असायचा. तुमची लँडलाइन आहे का अजून?

परसदार
टेलिफोनचा खांब आहे. त्याच्यावर मिरीचा वेल चढलाय.

भरतीओहोटी
मग सिमकार्डवाला डायलर लावा, पॅनेलच्या भोंग्याच्या आउटपुटवरून चालतो. घेताना बघा, स्वस्तातले बरेच २जी असतात आणि जिओला २जी नाहीच, सिम घालून बसाल वाट बघत. घराच्या आत कुठल्या कंपनीची रेंज येते ते आधी फोन घेऊन फिरून पाहा, मग यंत्र घ्या. आणि रिचार्जची तारीख कॅलेंडरवर लाल पेनाने.

पुराची_खूण
चिपळूणहून. एकच सल्ला, पेटी जिन्याखाली ठेवू नका. आमची जमिनीपासून पाच फुटांवर होती, २२ जुलै २०२१ ला तीही पाण्याखाली गेली. तीन दिवसांनी उघडली तर आतून चिखलाचा पेढा निघाला.

परसदार
आमचं घर चढावर आहे, पण लक्षात ठेवते.

परसदार
मंडळी, मोठा रिपोर्ट. गेले चार दिवस इथेच आहे.

झोन ३: दाराकडून वायर सोडवली, तरी पेटीपाशी ४ ओहम. म्हणजे दोष वायरीत. माळ्यावर टॉर्च घेऊन वाशांच्या कडेने वायर हाताने चाचपत गेले. भाताच्या जुन्या कणगीमागे बोटाला खरखर लागली. चार तारांवरचं आवरण कुरतडून काढलेलं, दोन तारा एकमेकींना टेकून काळ्या-हिरव्या झालेल्या, बाजूला लेंड्या. म्हणजे किती वर्षं कोण जाणे, पडवीचं दार उघडं टाकलं असतं तरी पॅनेलने हूं की चूं केलं नसतं! तेवढा तुकडा कापून नवीन वायर जोडली, टेलिफोनवाले वापरायचे त्या जेली भरलेल्या टोप्यांनी. पक्कडीने दाबलं की जेली बाहेर येते, मीठ आत जात नाही. चिपळूणच्या दुकानदाराने कुठून तरी खणून काढल्या.

रेझिस्टन्स पेटीतून काढून एकेका डबीत नेले. कंटाळवाणं काम, पण झालं. आता पडवीच्या डबीत मुद्दाम स्क्रू-ड्रायव्हरने दोन वायरी टेकवल्या की भोंगा वाजतो.

माजघराचा सेन्सर मेला नव्हता. पेटीपाशी १३.६ व्होल्ट, सेन्सरपाशी ६.८. मधल्या जोडात तांबं हिरवं पडून सत्तू झालेलं. नवा जोड दिला, दिवा लागला. मुंग्यांचा सेन्सर मात्र गेला, त्यांनी सर्किटवर माती भरली होती. नवा लावताना वायर आत जाते ते भोक सिलिकॉनने बुजवलं. बायपास ठेवलाय.

हिशेब: बॅटरी ११५०, एमसीबी आणि वायरमनची मजुरी ९००, सर्ज अरेस्टर १४००, जेलीच्या टोप्या १२०, दोन मॅग्नेट जोड्या १८०, नवा सेन्सर ६५०, रेझिस्टन्स १०. एकूण ४४१०. डायलर २२०० धरला तर ६६१०. पाच हजारांत बसलं नाही, पण २८ हजारही गेले नाहीत.

तारतंत्री
ताई, कॉमर्स सोडा.

खालची_आळी
हरलो. पण त्यात तुमची चार दिवसांची मजुरी कुठे धरलीय?

परसदार
@खालची_आळी, आणि ओल्या काजूच्या उसळीचे पैसे तुम्ही देणार का? ह्या दिवसांत शेजारच्या काकूंनी फ्रीझरमधून काढून केली होती.

काकूंवरूनच एक अडचण. घर बंद असलं तरी त्या रोज संध्याकाळी किल्ली घेऊन येतात, देवाजवळ दिवा लावतात. चौसष्ट वय, कीपॅडला हात लावायला घाबरतात. पहिल्या दिवशी कोड विसरल्या, भोंगा सुटला, त्या पदराने कान झाकून अंगणात, आणि वाडीतली होती नव्हती ती अकरा माणसं जमली. त्यातले दोघे काठ्या घेऊन.

भरतीओहोटी
@खालची_आळी, अकरा माणसं. नोंद घ्या.

तारतंत्री
दार उघडल्यापासून भोंगा वाजेपर्यंतचा वेळ वाढवा, ३० सेकंद असेल तर ६० करा. त्यांच्यासाठी वेगळा कोड ठेवा, त्यांना पाठ असलेला आकडा. (इथे लिहू नका!) आणि पॅनेलला एखादा रिकामा आउटपुट असेल तर तो सिस्टीम बंद झाल्यावर चालू होईल असा लावून डायलरच्या दुसऱ्या इनपुटला जोडा. काकूंनी कोड दाबला की तुम्हाला मेसेज.

परसदार
जोडलं, चालतंय. काकूंनी कोड म्हणून त्यांच्या लग्नाचं साल घेतलंय, आता त्या न बघता दाबतात. झाकणावर बाबांच्या ओळीखाली नव्या बॅटरीची तारीख लिहिली. त्यांची पेन्सिल पेटीतच होती, टोक केलेली.

मी ठाण्याला परत आलेय. रोज पावणेसातच्या सुमारास फोन वाजतो: "सिस्टीम बंद." दहा मिनिटांनी दुसरा: "सिस्टीम चालू." आई तेवढ्यात हात जोडून घेते.

काल साडेसातपर्यंत काहीच आलं नाही. घाबरून काकूंना फोन लावला.

"अगो, जावेकडे बारशाला आल्ये. धाकट्याला सांगितलंय दिवा लावायला, पण त्याला कोड नाही दिला हो. तो बाहेर तुळशीपाशी लावील."